दस्तगीर सतारमेकर, वय अठ्ठावन्न, झोप उत्तम

डॉक्टर श्रीनिवास उकिडवे यांच्या छातीत मत्सराची पहिली कळ आली ती बाथरूमच्या कडीमुळे.

तसा हा माणूस जळणाऱ्यांपैकी नव्हे. बरोबर शिकलेल्या मित्रांनी पुण्यात सात-सात मजली इस्पितळं उठवली, एकाने तर गच्चीवर हेलिकॉप्टर उतरवलं. हे आपले मिरजेत दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत लोकांच्या डोक्याला तारा चिकटवत बसले, आणि मित्राचं हेलिकॉप्टर वरून गेलं की गच्चीत येऊन कौतुकाने हात हलवू लागले. पण दोन हजार त्रेचाळीस सालच्या एका सोमवारी सकाळी त्यांची बायको हेमांगी खांद्यावर टॉवेल टाकून आंघोळीला गेली, दार लोटलं आणि आतून आवाज आला : खट्ट.

कडी लागली होती.

तुम्हा-आम्हाला त्यात काय? पण उकिडव्यांच्या बाथरूमला एकतीस वर्षं कडी नव्हतीच. हेमांगीला अपस्मार होता. फिट यायची ती न सांगता. एकाएकी करपलेल्या गुळाचा वास यायचा, आणि मोजून दहा अंकांत बाई जमिनीवर. अशा माणसाने बंद दाराआड आंघोळ करू नये, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. इथे तर डॉक्टर घरातच होता. तो दाराबाहेर वेताच्या खुर्चीत पेपर घेऊन बसायचा. दर दोन मिनिटांनी विचारायचा, "हेमांगी?" आतून उत्तर यायचं, "आहे." लग्न झाल्यापासून रोज. इतर नवरे गजरे आणतात, साडी आणतात, विसरतात, बोलणी खातात. उकिडवे "हेमांगी?" म्हणायचे. त्यांच्या मते ते गजऱ्यापेक्षा जास्त होतं, आणि खरं सांगायचं तर होतंही.

कडी तिनेच मागितली होती. "साठावा वाढदिवस आहे, काय हवं?" असं विचारल्यावर बाई म्हणाली, "कडी." डॉक्टरांनी शहरातली सगळ्यात देखणी पितळी कडी आणली आणि स्वतःच्या हाताने बसवली. फक्त स्क्रू लावले अर्ध्या इंचाचे. शेजारीच दोन इंचांच्या स्क्रूंचा डबा उघडा होता. पण हात आपोआप आखूड स्क्रूंकडे गेला. हातांनाही आपलं मन असतं.

आता हिला एवढं धारिष्ट आलं कुठून, ते सांगायला हवं. ते आलं डॉक्टरांनीच केलेल्या यंत्रातून.

फिट म्हणजे काय, हे उकिडवे चाळीस वर्षं एकाच दृष्टांताने समजावत. नाटक संपतं, हजार माणसं टाळ्या वाजवतात. प्रत्येकाची टाळी आपापल्या चालीची, म्हणून सगळी मिळून पाऊस पडल्यासारखी नुसती सरसर. तो निरोगी मेंदू. पण मध्येच कुणीतरी ठेका धरतो, शेजारचा त्याला मिळतो, त्याच्या शेजारचा त्याला, आणि बघता बघता अख्खं नाट्यगृह एका तालात धाड, धाड, धाड! आता कोण काय बोलतंय काही ऐकू येत नाही. मेंदूतल्या पेशींनी असा एकच ठेका धरला की फिट. ईईजीच्या पट्टीवर बारीक थरथरणाऱ्या रेषा असतात, त्या एकदम करवतीच्या दातांसारख्या उभ्या राहतात.

मग हा ठेका मोडायचा कसा? उकिडव्यांचा सिद्धांत होता : शांत मेंदू अशांत मेंदूला शांत करतो. रडणारं पोर निवांत माणसाच्या खांद्यावर टाकलं की निवतं, तसंच हे. त्यांनी कानामागे चिकटवायची चिंचोक्याएवढी चकती केली. नाव ठेवलं 'सोबत'. चकती मेंदूच्या लहरी ऐकत राहायची, आणि ठेका जमायला लागला रे लागला की दुसऱ्या कुणाच्या तरी शांत मेंदूची नोंदवून ठेवलेली लय अगदी हलक्या विजेने आत सोडायची. दुसरा कोण, हे यंत्रच ठरवी. प्रयोगशाळेत तीनशे चाळीस नोंदी होत्या. चकती तीन आठवडे सगळ्या थोड्या थोड्या चाखवून बघायची आणि या रुग्णाला कोण किती मानवतं याची क्रमवारी लावायची. सिद्धांतावर दहा निबंध छापून झाले होते. डिसेंबरात व्हिएन्नाच्या परिषदेत अकरावा वाचायचा होता.

हेमांगीच्या क्रमवारीत पहिला आला क्रमांक दोनशे बारा. तो कानामागे बसल्यापासून आठ महिने फिट नाही. आठ महिने! चाळीस वर्षांच्या संशोधनाचं चीज झालं म्हणून डॉक्टरांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. मग घरी येऊन क्रमवारी शेवटपर्यंत वाचली. तीनशे चाळिसाव्या, म्हणजे पार शेवटच्या जागी होता क्रमांक एक. आणि क्रमांक एक म्हणजे स्वतः डॉक्टर उकिडवे. स्वयंसेवक म्हणून पहिल्या खुर्चीत तेच बसले होते.

तेव्हा ते हसले होते. सोमवारी कडी वाजली आणि हसू आटलं. ते सवयीने म्हणाले, "हेमांगी?"

आतून पाण्याचा आवाज आणि एक तान. "आहे" आलंच नाही.

"हेमांगी!"

"अहो डॉक्टर, गातेय ना मी! मेलेली बाई गाते का?"

लग्नाआधी हेमांगी त्यांच्या गुरूंची पेशंट. तिच्या डोक्याला एकवीस तारा चिकटवता चिकटवता या ज्युनियरच्या मनात तार जुळली. तेव्हाचं "अहो डॉक्टर" तिच्या तोंडात तसंच राहिलं. "अरे श्रीनिवास" फक्त भांडणात यायचं.

डॉक्टर खुर्चीत बसून राहिले. पेपरात मन लागेना. आत त्यांची बायको होती आणि तिच्या कानामागे कुणीतरी होतं. आपण बाहेर, आणि तो आत. कोण हा दोनशे बारा?

*

"नियम आहे सर," एस्तेर कदम म्हणाली.

एस्तेरबाई तीस वर्षं त्यांची तंत्रज्ञ. डोक्याला तार लावताना पेशंटला अशी गप्पांत घोळवायची की त्याला पेस्टचा गार चटका कळायचाही नाही. नियमाला मात्र लोखंड.

"कुणाची लय कुणाला लागली ते रुग्णाला सांगायचं नाही, घरच्यांना तर मुळीच नाही. नात्यात विष नको. कुणी लिहिलाय हा नियम?"

"मीच."

"मग?"

"अगं, सहज विचारलं."

"सहज विचारणाऱ्या माणसाचे कान लाल होत नाहीत. आणि तुम्ही शेवटून पहिले आलात याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमची पट्टी मला पाठ आहे. माणसाने डोळे मिटले, मन सैल सोडलं, की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला दहाच्या चालीने गुळगुळीत लाट उठते, हे मला तुम्हीच शिकवलंत. अल्फा. डोळे उघडले, नाहीतर मनातल्या मनात कुणावर नजर ठेवली, की मोडते. तुमची कधी उठतच नाही सर. डोळे मिटा म्हटलं की तुमच्या पापण्या तेवढ्या मिटतात."

एवढं बोलून ती डबा खायला गेली. डॉक्टरांनी स्वतःचाच नियम स्वतःच्याच पासवर्डने मोडला. पडद्यावर दोनशे बाराचा फॉर्म उघडला :

*नाव : दस्तगीर सतारमेकर. पुरुष. वय अठ्ठावन्न. आजार : नाही. औषधं : नाही. व्यसन : नाही. झोप : उत्तम. चिंता : नाही. स्वभाव : शांत. लग्न : नाही.*

डॉक्टरांनी तो तीनदा वाचला. प्रत्येक 'नाही' वेगळा टोचला. माणूस आहे का कोण आहे हा! ना दारू, ना बीपी, ना काळजी. आणि लग्न नाही! अहो, दस्तगीरमियांच्या तीन मुलींच्या लग्नात डॉक्टर स्वतः बिर्याणी जेवले होते. बायको वारली त्याला चार वर्षं झाली हे खरं, पण फॉर्मवर चक्क 'लग्न नाही' लिहितो? का लिहितो? कुणासाठी?

आणि हेमांगीचा तानपुरा दस्तगीरमियांच्या दुकानातच तर जायचा! गेल्या आठ महिन्यांत चार वेळा गेला होता. म्हणे, जवारी बिघडते, तारांचा घुमारा जातो.

*

मिरजेत तेव्हा चालक नसलेल्या रिक्षा सुरू झाल्या होत्या. चालक गेला, पण आडमुठेपणा मागे ठेवून गेला. डॉक्टरांच्या रिक्षेने दुकानापासून दोन गल्ल्या अलीकडेच "पुढे अरुंद आहे" असं जाहीर करून दार उघडलं. डॉक्टर धापा टाकत पोचले तेव्हा हेमांगी दुकानात बैठकीवर बसली होती, आणि हसत होती. छताला दोरीने बांधलेले मोठमोठे भोपळे लटकत होते, भीमेकाठी पिकलेले, वाळून खणखणीत झालेले. त्यांच्या खाली दस्तगीरमियां तारा टेकतात त्या तानपुऱ्याच्या घोडीवर मान वाकवून तारेखालून सुताचा दोरा इंच-इंच सरकवत होते.

"ऐका ताई," ते म्हणाले आणि तार छेडली. नुसता टंकार. दोरा तसूभर हलवला, पुन्हा छेडली, आणि काय सांगावं! तार एकदम बोलायला लागली, घुमायला लागली. हेमांगीचे डोळे मिटले.

डॉक्टरांनी ते मिटलेले डोळे पाहिले. हिची अल्फा आता सुरेख उठली असणार, त्यांच्या मनात आलं. ताई म्हणतो. ताई म्हणणारेच जास्त धोक्याचे!

"या या डॉक्टरसाहेब! तुम्ही आणि आमच्या दुकानात? चहा सांगतो."

"नको. जवारी फार वेळा बिघडते का हो हिची?"

"बिघडत्येय कुठली? ताई उगंच तिला हात लावत बसत्यात." दस्तगीरमियां हसले. "वाद्याचं असं आहे साहेब, लावायचं आणि सोडायचं. सारखं कान देऊन बसलं की चांगलं लागलेलं बी बेसूर वाटतंय."

"माझ्या संशोधनाबद्दल काही कानावर आलंय का तुमच्या?"

"म्हणजे काय! आमचा हातभार लागलाय की तुमच्या लॅबला. इचारा एस्तेरबाईंना."

काय हा निर्लज्जपणा! तोंडावर सांगतो! डॉक्टरांनी चहा घेतला नाही. परतताना हेमांगी म्हणाली, "तुमचं आणि मियांचं काही बिनसलंय का? त्यांच्याकडे असे बघत होतात, जसे काही ते तुमचे पेशंट आहेत आणि वाचणार नाहीत."

डॉक्टर म्हणाले, "काही नाही."

*

चकती दर गुरुवारी अर्धा तास चार्ज व्हायला काढून ठेवावी लागे. त्या गुरुवारी हेमांगी भाजी निवडत होती. डॉक्टरांनी कपाटाआड उभं राहून दोनशे बारा क्रमांक पुसला आणि तिथे एक घातला.

ते राक्षस नव्हते. त्यांनी मनाची समजूत नीट घातली होती. आपली लय शेवटची आली ती दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीवरून. यंत्राचं गणित चुकू शकतं. आणि जिच्यावर एवढा जीव टाकला, तिच्या मेंदूला आपला मेंदू मानवत नाही, हे विज्ञानात बसेल कसं? शास्त्रज्ञ स्वतःला फसवायला निघाला की पुरावे भराभर हजर होतात. दुसऱ्या कुणाला ते एवढ्या चटकन जमवता येत नाहीत.

आणि काय आश्चर्य, काहीच झालं नाही! शुक्रवार गेला, शनिवार गेला. कडी रोज खट्ट वाजायची, पण आता तिच्या कानामागे आपण आहोत या विचाराने डॉक्टरांना ती सनईसारखी वाटे. बुधवारी त्यांनी दस्तगीरमियांच्या दुकानावरून मुद्दाम शीळ घालत चक्कर मारली.

"गाणं होत नाहीये," हेमांगी त्या संध्याकाळी म्हणाली. तानपुरा मांडीवर तसाच.

"जवारी बिघडली असेल," डॉक्टर खुशीत म्हणाले.

"तानपुरा ठीक आहे. मलाच काहीतरी होतंय. चार-सहा दिवस झाले, सारखं वाटतंय की मागे कुणीतरी उभं आहे. काही करत नाही, बोलत नाही. नुसतं बघतंय." ती वळून मागे बघायला लागली. मागे भिंत होती. "तुम्हाला नाही का असं कधी वाटत?"

डॉक्टरांची शीळ ओठांतच राहिली. तिथेच फाइल बदलायला हवी होती. एका मिनिटाचं काम. पण बदलायची म्हणजे त्या माणसाला पुन्हा तिच्या कानामागे नेऊन बसवायचं. ते म्हणाले, "ऍसिडिटी असेल."

नवव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, कडी वाजली. पाणी सुरू झालं. डॉक्टर, आता गरज नसताना, खुर्चीत बसले होते. आतून हेमांगीचा आवाज आला, अगदी साधा, भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसा :

"गूळ करपलाय कुठेतरी."

आणि तांब्या पडला.

डॉक्टर त्या वेळी सहासष्ट वर्षांचे होते. गुडघे दोन्ही कृत्रिम. दार सागवानी. पण त्यांनी खांदा दिला मात्र, कडी स्क्रूंसकट उपटून पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळली. हेमांगी पाण्यात आडवी, भुवईतून रक्त, अंग धाड, धाड, धाड एका तालात. त्यांनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल दिला, नळ बंद केला. तोंडात काही घातलं नाही, हातपाय दाबून धरले नाहीत. चाळीस वर्षं लोकांना शिकवलं होतं, ते सगळं बरोबर केलं. सगळं बरोबर करत असताना ते रडत होते, कारण चूक आदल्या आठवड्यातच करून झाली होती.

दोन मिनिटं चाळीस सेकंद. मग ती सैल पडली.

*

हेमांगीच्या भुवईला तीन टाके पडले. ती इस्पितळात झोपलेली असताना डॉक्टर, दार फोडताना दुखावलेल्या खांद्याचा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून, प्रयोगशाळेत आले. येण्यापूर्वी त्यांनी चकतीतला एक काढून दोनशे बारा परत घातला होता. एस्तेरबाईसमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं. फॉर्म, दुकान, ताई, फाइल, सगळं.

एस्तेरने हातातल्या तारा खाली ठेवल्या. मग म्हणाली, "तीस वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला शिवी द्यावीशी वाटतेय, सर. चर्चमध्ये कबुली द्यावी लागेल म्हणून देत नाही. वहिनी बुडाल्या असत्या."

"माहीत आहे."

"आणि तेही कुणापायी? दस्तगीरमियां या खोलीत कधी आलेलेच नाहीत!"

डॉक्टरांनी मान वर केली. "मग दोनशे बारा कोण?"

एस्तेरने स्टूल ओढलं, वर चढली आणि कपाटाच्या माथ्यावरून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी उतरवलं. टेबलावर ठेवून चादर काढली.

भोपळा होता. तानपुऱ्याचा, माणसाच्या डोक्याहून जरा मोठा, वाळून पिवळाधम्मक. त्याच्यावर एकवीस ठिकाणी वाळलेल्या पेस्टचे पांढरे ठिपके होते. बुडाला शिक्का : 'दस्तगीर सतारमेकर, मिरज.'

"नवं यंत्र आलं की मी ते थेट माणसाला लावत नाही," एस्तेर म्हणाली. "आधी यंत्राचा स्वतःचा गोंगाट किती ते बघायचं, असं तुम्हीच शिकवलंत. मग डोक्यासारखं काहीतरी लागतं. मियांकडून हा मागून आणला. याला मिठाच्या पाण्याचं फडकं गुंडाळते आणि तारा लावते. हलत नाही, खोकत नाही, 'किती वेळ लागेल हो' विचारत नाही. पण हे नवं यंत्र फॉर्म भरल्याशिवाय सुरूच होईना. नाव टाका, वय टाका. शिक्क्यावरचं नाव टाकलं."

"आणि वय?"

"माझंच टाकलं. पुढची उत्तरं भोपळ्याला स्मरून दिली. व्यसन नाही, चिंता नाही, झोप उत्तम. यात खोटं काय आहे, सांगा. लग्न तरी झालंय का त्याचं? ती नोंद चुकून स्वयंसेवकांच्यात जाऊन बसली, हे मला आज कळतंय. ती चूक माझी."

डॉक्टर खुर्चीत बसले. दोनशे बाराची पट्टी पडद्यावर उघडली. आयुष्यात प्रथमच त्यांनी ती मत्सराशिवाय पाहिली. तिच्यात लय नव्हतीच. पंख्याची भुणभुण होती, बाहेरच्या रिक्षांची कुरबुर होती, एस्तेरच्या चपलांची चाहूल होती, सगळं विस्कटलेलं, कशाचा कशाला मेळ नाही. नुसती सरसर. पावसासारखी.

आणि मग सगळं उलगडलं. तीनशे एकोणचाळीस माणसांनी हेमांगीच्या मेंदूला आपापला ठेका दिला होता. कुणाचा हळू, कुणाचा गोड, पण ठेकाच. ठेका धरायलाच टपलेल्या मेंदूला त्याने काय होणार? एक सोडून दुसरा. भोपळ्याने मात्र कसलाच ठेका दिला नाही. त्याने नाट्यगृह पुन्हा विस्कटून टाकलं, ज्याची त्याची टाळी ज्याला त्याला परत केली.

शांत मेंदू अशांत मेंदूला शांत करतो! दहा निबंध गेले. व्हिएन्ना गेलं. एवढं होऊनही डॉक्टर उकिडवे त्या भोपळ्याकडे बघत होते आणि, लिहायला लाज वाटते पण खरं तेच लिहायचं, जळत होते. दस्तगीरमियां परवडले असते. माणसाशी निदान बोलता येतं.

*

हेमांगीने सगळं ऐकून घेतलं. पट्टी बांधलेल्या भुवईखालचा डोळा सुजला होता, दुसरा पुरेसा होता.

"अरे श्रीनिवास," ती म्हणाली, आणि डॉक्टर समजले. "फाइल बदलताना मला विचारलंस?"

"नाही."

"कडीला आखूड स्क्रू लावताना विचारलंस? बघितलेत मी ते. बाथरूमभर पडले होते."

"आखूड होते म्हणून दार उघडलं, हेमा."

"फाइल बदलली नसतीस तर उघडावं लागलं नसतं."

डॉक्टरांनी गळ्यातली झोळी उगीचच सारखी केली.

"कोण होता तो दोनशे बारा? आता सांगूनच टाक. ज्याच्यासाठी मला बुडवायला निघालास त्याचं नाव तरी कळू दे."

"भोपळा."

"काय?"

"तानपुऱ्याचा भोपळा. एस्तेरने यंत्र तपासायला वापरलेला."

हेमांगी आधी नुसती बघत राहिली. मग हसली. मग इतकी हसली की टाके ओढले गेले आणि "आई गं" म्हणत, भुवई धरून, पुन्हा हसली. नर्स धावत आली, तिलाही सांगितलं. नर्स गेली आणि हसू हळूहळू उतरलं.

"त्या नऊ दिवसांत मागे कुणीतरी उभं होतं," ती म्हणाली. "तो तू होतास."

डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्यावरची नजर काढून खिडकीकडे नेली.

"ओळखायला हवं होतं मी. एकतीस वर्षं उभा आहेस. मी भाकरी करतेय, तू तोंडाकडे बघतोयस, पापणी लवली का, हात थरथरला का. मी गातेय, तू श्वास मोजतोयस. फार केलंस, श्री. तू नसतास तर मी जगले नसते, हे मला कळतं. पण आठ महिने माझ्याकडे कुणी बघत नव्हतं रे. काय बरं वाटलं म्हणून सांगू!"

"म्हणजे मी बघूच नको?"

"बघ की. नवऱ्यासारखा बघ. मशीनसारखा नको." ती उशीवर टेकली. "आणि दोन इंचांचे स्क्रू आण."

*

व्हिएन्नाला डॉक्टर गेले, ते भोपळा मांडीवर घेऊन. विमानतळावर त्याची तीनदा तपासणी झाली. तिसऱ्या वेळी अधिकाऱ्याने विचारलं, हे काय आहे? डॉक्टर म्हणाले, माझा प्रतिस्पर्धी. परिषदेत त्यांनी सुरुवातच अशी केली की माझे पहिले दहा निबंध चुकलेत, आणि दीड हजार शास्त्रज्ञांच्या सभागृहात जी टाळ्यांची सरसर झाली, तिने शेवटपर्यंत ठेका काही धरला नाही. आज फिनलंडपासून फिजीपर्यंत लाखभर माणसांच्या कानामागे मिरजेचा भोपळा सरसरतोय. दस्तगीरमियांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "उरलेले बी आहेत. पायजे तर सगळ्यांचं घ्या. त्यांची बी झोप उत्तम आहे."

पण हे सगळं नंतरचं. त्याआधीची ती सकाळ राहिलीच, टाके काढल्यानंतरची.

डॉक्टरांनी एका हाताने, दुसरा अजून झोळीत, कडी परत बसवली. दोन इंचांचे सहा स्क्रू. एकेक पिळताना दात-ओठ खात होते. हेमांगीने ती ओढून पाहिली, लोंबकळून पाहिली, म्हणाली, "आता कशी!" आणि टॉवेल घेऊन आत गेली.

खट्ट.

डॉक्टरांनी वेताची खुर्ची उचलली, बाल्कनीत नेऊन कुंड्यांच्या मध्ये ठेवली. परत आले. पेपर घेतला, ठेवला. आत पाणी पडत होतं. दोन मिनिटं झाली. "हेमांगी?" घशापर्यंत आलं. त्यांनी ते औषधाच्या गोळीसारखं गिळलं. चार मिनिटं झाली. आत तान सुरू झाली, वर चढली, मजेत रेंगाळली.

दिवाणखान्यातल्या कपाटावर भोपळा होता. हेमांगीने तो एस्तेरकडून मागून आणला होता आणि त्याला पुसून-बिसून मानाच्या जागी बसवलं होतं. डॉक्टर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्याच्याकडे बघितलं. तो कुणाकडेच बघत नव्हता. कसं जमतं या लेकाला? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्या टाळूवर एक सणसणीत टिचकी मारली.

भुंम्मं.

सगळ्या घरात घुमला. आतली तान थांबली.

"कोण आहे?" बाथरूममधून हेमांगीने विचारलं.

डॉक्टर उकिडव्यांनी टिचकीचं बोट पाठीमागे लपवलं, डोळे मिटले, आणि अगदी शांतपणे म्हणाले,

"कोणी नाही."